मंगळावरचे म्हातारे

‘सर्व्हायव्हिंग मार्स’ नव्यानं खेळू लागलेल्या माणसाला जुने खेळाडू पहिल्याच दिवशी काही सल्ले देतात. सौरपट्ट्यांवर धूळ साचते, त्यामुळे बॅटऱ्या आधी बांध. ड्रोनचं केंद्र खाणीजवळ ठेव. आणि तिसरा सल्ला ठरलेला: वृद्धांना यानात घेऊ नकोस, आणि वसाहतीत जे म्हातारे होतील त्यांच्यासाठी कोपऱ्यात वेगळा घुमट बांधून त्यांना तिकडे हलव. थोडा अधिक मुरलेला खेळाडू पुढचंही सांगतो. त्या घुमटात दवाखान्यावर काँक्रीट घालवू नकोस. जितके दिवस जगतील तितके जगतील.

मी हा सल्ला पहिल्यांदा ऐकला तो माझ्या भाच्याकडून. तो हुशार आहे, मनानं चांगला आहे, या खेळात त्याचे शेकडो तास गेले आहेत. माझी वसाहत पाहून तो म्हणाला, “मामा, तुझ्याकडे सीनियर किती झालेत बघ. सगळं डेडवेट आहे.” त्यानंतर हाच शब्द मी इतर खेळाडूंच्या तोंडूनही ऐकला, आणि दर वेळी तो तितक्याच सहजपणे आला. हा लेख त्या शब्दाविरुद्ध आहे. भाच्याविरुद्ध नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बल्गेरियातल्या सोफिया शहरातल्या हेमिमाँट गेम्स या कंपनीनं तो बनवला आणि स्वीडनच्या पॅराडॉक्स इंटरॲक्टिव्हनं १५ मार्च २०१८ रोजी बाजारात आणला. मंगळाच्या गोलावर जागा निवडायची, प्रायोजक निवडायचा (त्यात भारतही आहे), एका यानातून ड्रोन आणि सामान उतरवायचं. पाणी, प्राणवायू, वीज यांची सोय झाली की काचेचा पहिला घुमट उभा करायचा आणि मग पहिली बारा माणसं बोलवायची. ती बारा जण पहिले दहा ‘सोल’, म्हणजे मंगळाचे दहा दिवस, टिकली की पुढच्या यानांची वाट मोकळी होते. १६ मे २०१९ रोजी ‘ग्रीन प्लॅनेट’ ही पुरवणी आली आणि खेळाचा पल्लाच बदलला. आता नुसतं तग धरून राहायचं नव्हतं, अख्खा ग्रह हिरवा करायचा होता. वातावरण, तापमान, पाणी आणि वनस्पती असे चार आकडे पडद्यावर असतात. ते शून्याजवळून सुरू होतात. हरितगृह वायूंचे कारखाने, ध्रुवावरचा बर्फ वितळवण्याच्या मोहिमा, बियाणं पेरणारी केंद्रं, खोदून भरलेली तळी यांच्या जोरावर ते हळूहळू चढवत न्यायचे. वातावरण पुरेसं दाट झालं की घुमटाची काच उघडता येते आणि माणसं मुखवट्याशिवाय बाहेर पडतात.

या पुरवणीबद्दल खेळाडूंच्या तक्रारीही आहेत. खेळ संथ आहे म्हणतात. शत्रू नाही म्हणतात. शेवटी शेवटी काही करायला उरत नाही म्हणतात. ज्याला लढाई हवी त्याला शेकडो खेळ मोकळे आहेत, तेव्हा त्यात मी पडत नाही. माझा वाद त्या एका सल्ल्याशी आहे, कारण तो तक्रार म्हणून कोणी मांडत नाही. तो शहाणपण म्हणून दिला जातो, आणि ऐकणारा मान डोलावतो.

विरोधी बाजूचं म्हणणं आधी पूर्ण ताकदीनं मांडतो. या खेळात वृद्ध काम करत नाहीत. त्यांना मुलं होत नाहीत. ते प्राणवायू घेतात, पाणी पितात, अन्न खातात, घरातला पलंग अडवतात. पलंग अडला की नवा वनस्पतितज्ज्ञ किंवा अभियंता यानातून उतरूनही बेघर राहतो. धुळीचं वादळ आलं की हवेतून प्राणवायू काढणारी यंत्रं बंद पडतात, साठ्यातल्या टाक्यांवर दिवस काढावे लागतात, आणि अशा वेळी प्रत्येक श्वास मोजावा लागतो. जिथे श्वास मोजून घ्यायचे आहेत तिथे काम न करणारा माणूस इतरांच्या वाट्याचा श्वास घेतो. हे गणित आहे, यात क्रूरपणा कसला, असं ते म्हणतात.

गणितच करायचं तर पुरं करू. या वसाहतीत काम न करणारा आणखी एक वर्ग आहे: मुलं. तीही प्राणवायू घेतात, पाणी पितात, अन्न खातात. त्यांच्यासाठी पाळणाघर लागतं, खेळायचं अंगण लागतं, शाळा लागते, पुढे विद्यापीठ लागतं. वृद्धासाठी पाळणाघराएवढीही खास इमारत लागत नाही. तो बागेत बसतो, दुकानात जातो, आजारी पडला तर दवाखान्यात जातो. नुसता खर्च पाहिला तर मूल महाग पडतं. पण मुलाला कोणी डेडवेट म्हणत नाही. त्याला गुंतवणूक म्हणतात. म्हणजे राग काम न करण्यावर नाही. ज्याच्याकडून पुढे काही वसूल होणार नाही, त्याला का पोसायचं, हा खरा प्रश्न आहे. तो ‘संसाधनांचं नियोजन’ या शब्दांआड ठेवला की सभ्य दिसतो. आड ठेवू नये. सरळ विचारावा, म्हणजे उत्तरही सरळ देता येईल.

उत्तर देण्याआधी खेळाच्या पडद्यापाशी थोडं थांबतो, कारण हा सल्ला एकट्या खेळाडूंच्या डोक्यातून आलेला नाही. पृथ्वीवरून माणसं मागवताना एक गाळणी समोर येते. डावीकडे वर्गवारी: वय, कौशल्य, गुण, दोष. प्रत्येकापुढे हवं की नको हे दाखवणाऱ्या खुणा. दोषांच्या यादीत आळशी, रडवा, जुगारी, दारुडा, खादाड. वयाच्या यादीत तरुण, प्रौढ, मध्यमवयीन, वृद्ध. दोन्ही याद्यांना तीच खूण, तोच रंग. दारुडा नको म्हणायला जेवढं बोट हलवायचं, तेवढंच वृद्ध नको म्हणायला. हीच गाळणी पुढे घुमटालाही लावता येते, आणि एका क्लिकनं त्या घुमटातले सगळे वृद्ध आपापलं घर सोडून दुसरीकडे चालू लागतात. मी एकदा ते करून पाहिलं आहे. एका घुमटातून सात-आठ ठिपके निघाले, बोगद्यातून रांगेनं गेले आणि नव्या घुमटात आले. तिथे तेव्हा घरं होती, बाकी काही नव्हतं. त्यांच्या माहितीच्या चौकटीत समाधानाचा आकडा खाली घसरू लागला. मी गाळणी काढली आणि त्यांना परत आणलं. चौकटीत वाचलं तर त्यांतले तिघं पहिल्या यानातून उतरलेल्या बारांपैकी होते. ती बारा जण टिकली नसती तर पुढचं एकही यान आलं नसतं.

आता ग्रह हिरवा करण्याबद्दल. सगळ्यांत मोठी विसंगती इथेच आहे, आणि खेळाडूंपैकी फार थोडे तिच्याकडे पाहतात.

खेळात माणसांचं वय भराभर वाढतं. चार आकडे मात्र सावकाश चढतात. हरितगृह वायूंचा पहिला कारखाना ज्यांनी चालवला, ज्यांनी पहिलं शेवाळ पेरलं, ती माणसं आकडे निम्म्यावर येईपर्यंत म्हातारी झालेली असतात. हे टाळता येत नाही. कितीही तरुण माणसं आणा, हे काम एका आयुष्यात मावत नाही. आणि खेळानं उलट कामाचा वेग प्रचंड वाढवला आहे. प्रत्यक्ष मंगळाबाबत नासाचे ख्रिस मॅके आणि त्यांच्यासारख्या संशोधकांनी केलेले ढोबळ अंदाज असे आहेत: ग्रह उबदार करायला शंभरेक वर्षं, आणि वनस्पतींच्या जोरावर हवा श्वास घेण्याजोगी करायला एक लाख वर्षं. त्यातही २०१८ साली ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त हिशेब मांडला की मंगळावर हाती लागण्याजोगा सगळा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला तरी दाब पृथ्वीच्या दाबाच्या २ टक्क्यांच्या आसपास जाईल. आज तो १ टक्क्याहूनही कमी आहे. मंगळाचं ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र अब्जावधी वर्षांपूर्वी लोपलं, आणि उरलेली हवा सौरवाऱ्यामुळे अजूनही अवकाशात गळते आहे. मेव्हन या यानानं ती गळती मोजली. खेळातही वातावरणाचा आकडा आपोआप उतरत राहतो आणि तो धरून ठेवायला चुंबकीय क्षेत्राची जनित्रं बांधावी लागतात. हा तपशील त्यांनी प्रामाणिकपणे घेतला आहे.

या हिशेबावर खेळाडू तासन्‌तास वाद घालतात. नायट्रोजन कुठून आणणार, आरसे किती मोठे लागतील, ध्रुवावर नेमका किती बर्फ आहे. त्यांच्या या चिकाटीचं मला कौतुक आहे. पण मग एवढं तरी मान्य करा: ज्या कामाला शतकं लागतात, ते हाती घेणारा प्रत्येक जण फळ लागण्याआधी म्हातारा होणार आणि मरणार. ग्रह हिरवा करणं हे मुळापासून म्हाताऱ्या होणाऱ्या माणसांचं काम आहे. वनस्पतींचा आकडा शंभराला नेऊन दाखवणारा खेळाडू जेव्हा त्याच वसाहतीतल्या वृद्धांना दवाखान्याविना ठेवतो, तेव्हा त्यानं हवा कोणासाठी बनवली? जो काम करतो त्याच्यासाठी तर घुमटातला प्राणवायू पुरत होता. पाळी संपेपर्यंत जगायला बंद काच पुरते. उघडं आकाश लागतं ते पाळी संपल्यानंतर.

‘वास्तवाला धरून’ असा दुसरा युक्तिवाद येतो. खऱ्या मोहिमेत म्हातारी माणसं कोण पाठवणार? अंतराळवीर तरुण, धडधाकट असतात. हा समज जुना झाला. जॉन ग्लेन १९९८ साली वयाच्या ७७व्या वर्षी डिस्कव्हरी यानातून पुन्हा अंतराळात गेले, आणि त्या मोहिमेत वार्धक्याचा अभ्यास हा एक उद्देशच होता. डॉन पेटिट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सात महिने राहून २० एप्रिल २०२५ रोजी परतले, त्या दिवशी त्यांना ७० वर्षं पूर्ण झाली. आणि आपले शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये ॲक्सिअम-४ मोहिमेतून स्थानकावर गेले, तेव्हा त्या यानाच्या कमांडर होत्या पेगी व्हिटसन, वय ६५. शुक्लांचं कौतुक आपण घरोघरी केलं, ते योग्यच होतं. पण त्या यानाचं नेतृत्व जिच्या हाती होतं ती बाई या खेळाच्या गाळणीपुढे अर्ज घेऊन आली असती, तर माझ्या भाच्यानं तिचं वय बघून बोट खाली केलं असतं.

हे उदाहरण मी दिलं खरं, पण माझी बाजू त्यावर उभी नाही. व्हिटसन सक्षम आहेत म्हणून त्यांना जागा द्या, असं म्हटलं की पुढचा प्रश्न लगेच येतो: जी सक्षम नाही तिचं काय?

गिरणगावाचा इतिहास मला इथे आठवतो, आणि तो उगाच आठवत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांनी रत्नागिरीतून, साताऱ्यातून, घाटावरून तरुण पुरुष घेतले. चाळीतल्या एका खोलीत ते दाटीवाटीनं राहिले, पाळीपाळीनं झोपले, खानावळीत जेवले. बायको-पोरं गावी, आईवडील गावी. आजारी पडला तो गावी गेला. हात थरथरायला लागले तो गावी गेला. गिरणीच्या हिशेबाच्या वहीत त्या माणसाचं म्हातारपण कुठेच नव्हतं, कारण ते कोकणाच्या खात्यावर टाकलेलं होतं. भाताची दोन खाचरं, एक म्हैस आणि गावी राबणारी बाई यांनी ते सांभाळलं. गिरणी स्वस्त चालली त्याचं हे एक मोठं कारण होतं. कमावता पुरुष मुंबईनं घेतला, बाकी सगळा माणूस गावावर सोडला.

मंगळावर कोकण नाही. परत पाठवायला गाव नाही. खेळात पृथ्वीवर जन्मलेला एखादा फारच कंटाळला तर परतीच्या यानात बसू शकतो, मंगळावर जन्मलेल्याला तेवढंही नाही. म्हणून तिथे हिशेब वहीबाहेर टाकता येत नाही. माणूस घेतला तर अख्खा घ्यावा लागतो, जन्मापासून शेवटच्या आजारापर्यंत. नाहीतर आपण जे उभं करतो ती खाण असते, ती वस्ती होत नाही. खाणीभोवती झाडं लावली म्हणून तिची वस्ती होत नाही.

मला ठाऊक आहे की याला उत्तर म्हणून काही जण ‘फॉरेव्हर यंग’ हा शोध दाखवतील. खेळात क्वचित हाती लागणारे काही शोध आहेत, त्यांतला हा एक. तो लागला की वृद्धही काम करू शकतात आणि त्यांना मुलंही होऊ शकतात. खेळाडू याच्यावर फार खूश असतात. पण त्याचा अर्थ नीट पाहा. वृद्धाचा प्रश्न सुटला तो वृद्धाला वृद्ध राहू न देता. त्याला पुन्हा पाळीवर उभं केलं, मग जागा मिळाली. आणि दुसऱ्या टोकाला ‘सॉयलेंट ग्रीन’ नावाचा शोध आहे. १९७३च्या एका चित्रपटावरून हे नाव घेतलेलं आहे. या शोधानंतर मेलेल्या वसाहतवासीयांचं अन्न होतं. खेळाडूंमध्ये यावर हशा होतो. मला तो हशा ऐकवत नाही. एका शोधात वृद्ध राबतात, दुसऱ्यात मेलेली माणसं खाल्ली जातात. या दोन टोकांमध्ये नुसतं बसून राहण्याला, म्हातारपण म्हातारपण म्हणून जगण्याला खेळानं फार थोडी जागा ठेवली आहे. हा दोष खेळ बनवणाऱ्यांचा आहे आणि तो त्यांच्या पदरात घातला पाहिजे. इथे आजी-नातू हे नातंच नाही. मूल घुमटात जन्मतं, कोणाचं म्हणून जन्मत नाही. शाळेत वृद्धानं शिकवायला जावं, अशी सोय नाही. बनवणाऱ्यांनी कोरड्या बर्फापासून बियाण्यापर्यंत एवढा विचार केला, तो इथे मात्र आटला.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नीरा डाव्या कालव्यावर त्यांची बरीच वर्षं गेली. आता वय ८४. संध्याकाळी मी खेळायला बसलो की ते शेजारी खुर्ची ओढून बसतात. त्यांना खेळातली यानं, घुमट, ड्रोन यांच्याशी घेणंदेणं नाही. ते नळ बघतात. खेळात पाण्याचे नळ जमिनीवरून लांबवर जातात आणि मधूनच त्यांना गळती लागते. एकदा एका लांबच्या घुमटाचं पाणी तुटलं. मी आणखी एक पाणी काढणारं यंत्र बांधायला घेतलं. वडील म्हणाले, “पाणी कमी नाहीये. वाटेत जातंय. आधी फाट्यावर बंद करायची सोय कर, मग बघ कुठल्या चारीत गळतंय.” खेळात व्हॉल्व्ह बसवता येतात, हे मला ठाऊक होतं, मी कधी बसवले नव्हते. फाट्यावर चार व्हॉल्व्ह लावले. एक एक बंद करत गेलो. तिसऱ्या फाट्यावर गळती सापडली. ड्रोन गेला, नळ सांधला, पाणी पोचलं. मग वडिलांनी शेजपाळीबद्दल सांगितलं. पाळी टेलकडून सुरू करायची, शेवटच्या शेतकऱ्याला आधी, कारण मुखाजवळच्याला पाणी मिळणारच असतं. टेलचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून त्याच्यापासून मोजायला लागायचं.

ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा तो खूश झाला. “बघ मामा, मग आजोबा डेडवेट कुठे आहेत? अनुभव आहे ना त्यांच्याकडे.” तो प्रेमानं बोलला, आणि तिथेच मला त्याच्याशी सर्वांत जास्त भांडायचं होतं. कारण ही वर्षभरापूर्वीची गोष्ट आहे. आता वडील खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, “हे काय चाललंय?” मी सांगतो, मंगळावर वस्ती करतोय. पाच मिनिटांनी पुन्हा विचारतात. शेजपाळी अजून आठवते, पण कालवा कुठला ते कधी कधी आठवत नाही. व्हॉल्व्हचा सल्ला आता ते देणार नाहीत. मग त्यांना हलवायचं का दुसऱ्या घुमटात? उपयोगी पडला म्हणून ज्याची जागा राखली, त्याची जागा उपयोग संपला की जाते. मला अनुभवाच्या नावावर मिळालेली सवलत नको आहे. ते बसलेत, बघतायत, चहा मागतायत. माणूस वस्तीत असायला एवढं पुरतं, असं माझं म्हणणं आहे. ज्या वस्तीत एवढं पुरत नाही तिथे माझा भाचासुद्धा भाड्यानं राहतो आहे, भाडं म्हणजे त्याची तिशी.

“पण मामा, खेळच आहे ना. ठिपके आहेत ते.” हा शेवटचा बचाव. तो मी मानला असता, जर खेळाडू सगळीकडेच तसं मानत असते. तसं ते मानत नाहीत. उल्का पडून घुमटाला तडा गेला की त्यांचा जीव वर-खाली होतो. मंगळावर जन्मलेल्या पहिल्या मुलाची बातमी पडद्यावर आली की ते मित्रांना दाखवतात. वसाहतीला आपल्या गावाचं नाव देतात. २०१८च्या जूनमध्ये खऱ्या मंगळावर धुळीचं वादळ उठलं आणि ऑपॉर्च्युनिटी रोव्हर गप्प झाली. तिच्याशी शेवटचा संपर्क १० जूनला झाला. त्या एका यंत्रासाठी जगभरची माणसं हळहळली. खेळ बाजारात येऊन तेव्हा तीन महिने झाले होते, आणि त्या खेळातही धुळीच्या वादळात सौरपट्ट्या तशाच झाकून जातात. यंत्रासाठी, ठिपक्यासाठी, काचेच्या घुमटासाठी हळहळू शकणारी माणसं फक्त म्हाताऱ्याच्या ठिपक्यापाशी येऊन ‘खेळच आहे’ म्हणतात. मन लावायचं की नाही हे ठिपक्याच्या वयावर ठरतं आहे. मला ते खटकतं, आणि ते खेळापुरतं राहत नाही म्हणून जास्त खटकतं. ‘डेडवेट’ हा शब्द खेळात शिकलेला नाही. तो बाहेरून आत आणलेला आहे. कार्यालयांत पंचावन्नच्या माणसाबद्दल तो कुजबुजत बोलला जातो, वाटणीच्या बैठकीत भावाभावांत बोलला जातो. खेळात तो मोठ्यानं बोलता येतो, एवढाच फरक.

एक मुद्दा मात्र मान्य करतो, कारण तो खरा आहे. वेगळा घुमट ही गोष्ट मुळात वाईट नाही. वृद्धांना कामाच्या जागा लागत नाहीत, त्यामुळे त्यांच्या घुमटात बाग, दुकान, जेवणघर, दवाखाना यांना ऐसपैस जागा मिळते, आणि खाणीजवळचे पलंग तरुणांना मोकळे होतात. सगळ्या सोयी देऊन कोणी असा घुमट बांधत असेल तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती बोगदा तोडण्याला, दवाखाना न बांधण्याला, आणि त्याला नियोजन म्हणण्याला. सोयींनी भरलेला घुमट आणि टाकून दिलेला घुमट यांत काँक्रीटचा फरक फार नाही. मी दोन्ही बांधून मोजलं आहे. एक दवाखाना आणि एक बाग, एवढाच तो फरक आहे, आणि वसाहत त्या टप्प्यावर आली असेल तर तेवढं काँक्रीट गोदामात पडूनच असतं.

राहिलं ते एवढंच, की म्हाताऱ्यांना सांभाळून वसाहत बुडते का? माझी आताची वसाहत हेलासच्या खोऱ्यात आहे. यानाच्या गाळणीत मी वयावर काहीच खूण केली नाही, आणि कोणत्याही घुमटावर वयाची अट लावली नाही. दोन थंडीच्या लाटा आल्या, एक मोठं धुळीचं वादळ आलं, विषारी पाऊसही पडून गेला. परवा वातावरणाचा आकडा पुरेसा चढला आणि मी पहिला घुमट उघडला. काच बाजूला सरली. मी जवळ जाऊन पाहिलं. तळ्याच्या काठाला तीन माणसं होती. एकीच्या चौकटीत लिहिलं होतं: भूगर्भतज्ज्ञ, वृद्ध, पहिल्या बारांपैकी. ती कुठे जात नव्हती, उभी होती. वडील शेजारी होते. त्यांनी विचारलं, “पाणी कुठून आणलंस?” मी सांगितलं, उत्तरेकडून, नळानं. ते म्हणाले, “टेलला पोचलं का?”

मी पडदा शेवटच्या घुमटापर्यंत सरकवला. वसाहतीत २१४ माणसं, त्यांत ५८ वृद्ध. अन्नाचा साठा वाढतो आहे. शेवटच्या घुमटात पाणी पोचलेलं होतं.